खंडेनवमीची तलवार आणि पासवर्ड

खंडेनवमीला आमच्या बडोद्याच्या घरी पणजोबांच्या तलवारीबरोबर आम्ही नव्या कॉम्प्युटरचीही पूजा केली. मग बाबा सीडीवरून पत्त्यांचा खेळ टाकायला बसले. पडद्यावर आलं, तुम्हाला अधिकार नाही, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला विचारा.

"माझ्या घरात हा कोण टिकोजीराव?"

"मी," दादा म्हणाला. "पासवर्ड मिळणार नाही. तुम्ही सगळं बिघडवता."

बाबांनी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली, पाटावरची तलवार उचलली आणि मॉनिटरवर घातली. काच उडून दादाच्या गालात घुसली. आई किंचाळली. मला तर दोघांनाही बडवावंसं वाटलं.

टेबलाखालचा डबा मात्र घरघरतच होता. रक्ताळलेला गाल दाबत दादा त्या डब्याकडे बोट दाखवून हसला.

"बाबा, कॉम्प्युटर तो आहे. आणि तो अजून माझंच ऐकतो."