तारमास्तरांचं सोनेरी पुस्तक

रंगात घालायला डिंक भिजत घातला की त्या वासानं मला कॅसलरॉक स्टेशनचे तारमास्तर आठवतात. ते यहुदी, पण मराठी आपल्यासारखंच बोलायचे. त्यांच्या घरी शेकडो वर्षांपूर्वी हातानं लिहिलेलं, कातडी पानांचं प्रार्थनेचं पुस्तक होतं, कडेनं सोनेरी वेली आणि मोर, मधेमधे माणसांची चित्रं. रंग उडाले म्हणून त्यांनी मला बोलावलं, कारण आमच्या भागात गणपती रंगवावेत तर मीच. आठ दिवस ओसरीवर बसून मी वेली उजळल्या. चित्रातल्या माणसांची तोंडं मात्र कोरीच होती. अर्धवट काम मला खपत नाही, म्हणून गणपतीचे रेखतो तसे शेवटी सगळ्यांचे डोळे रेखले. मास्तरांनी एकेक पान उलटून बघितलं, मग "झकास झालंय, चितारीमामा," म्हणाले आणि चहा पाजला. चार दिवसांनी माझं काम दाखवायला भावाला घेऊन गेलो, तर मास्तर परसात फणसाखाली खड्डा बुजवत होते. "मास्तर, पुस्तक कुठं हाय?" "पवित्र पुस्तकात माणसाचं तोंड काढायचं नाही, म्हणून ती वाडवडिलांनी मुद्दाम कोरी ठेवली होती. बिघडलेलं पवित्र पुस्तक आम्ही पुरतो." "मग त्या दिशी का बोलला न्हाईसा?" "तुमचं मन मोडवेना." भावासमोर माझी मान खाली गेली. चूक माझीच, व्हय; पण शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. अजूनही माझ्या गणपतीला कुणी झकास म्हटलं, की मी आधी म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो.