समितीला दाखवलेलं घर

भिंतीवर माझं नाव रंगवलं होतं. निळ्या ऑइलपेंटनं, ठसठशीत. वर योजनेचं नाव, खाली लाभार्थी म्हणून माझं. आणि त्याच घराची मालकीण मला सांगत होती, "उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाई. दारात हुबी ऱ्हा नुसती. समिती गेली की जा."

मी चपला काढून उभी राहिले. माझ्या नावाच्या घरापुढं, अनवाणी.

मी मातंग वस्तीतली. कडेगावपासून आत, ऊसपट्ट्यातलं आमचं गाव. मूलबाळ नाही. नवरा गेल्यापासून पत्र्याच्या शेडात एकटीच राहते. या मालकिणीला सगळी वस्ती काकी म्हणते. तिच्या उसात मी वर्षानुवर्षं भांगलण केली, खुरप्यानं तण काढलं. चहा मिळायचा, पण गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेल्या वेगळ्या कपात. तो कप आपला आपण विसळून पालथा घालायचा. हे कुणी सांगावं लागत नाही. माझी आई तसंच करायची, तिचं बघून मी करत आले.

मला घरकुल मंजूर झालं होतं. मंजूर झालं, बांधून झालं, मी राहायलाही गेले. सगळं कागदावर. प्रत्यक्षात मी शेडातच. ग्रामसेवकाला आम्ही भाऊसाहेब म्हणतो. भाऊसाहेबांना विचारलं की म्हणायचे, वरून आलं नाही. वर म्हणजे कुठं, ते मला कधी कळलं नाही. कुंपणच शेत खात होतं आणि मी कुंपणालाच विचारत बसले होते.

मग बातमी आली, मुंबईहून आमदारांची समिती येणार. सरकारनं गरिबाला दिलेलं गरिबापर्यंत पोचतं का, हे विधिमंडळाच्या वतीनं बघायला अशी समिती जिल्ह्याजिल्ह्यातून फिरते. मला बरं वाटलं. म्हटलं, आता तरी कुणी विचारेल. पण त्यांच्या आधी भाऊसाहेबच आले. काकींनी मुलासाठी मळ्यात दोन खोल्यांचं नवं घर बांधलं होतं. तेच माझं म्हणून समितीला दाखवायचं ठरलं होतं. मी म्हणाले, मला खोटं बोलायला जमायचं नाही. ते म्हणाले, बोलायचं नाहीच, उभं राहायचं. आणि पुढं हळूच सांगितलं, की तू घोळ घातलास तर अख्ख्या वस्तीची घरकुलं अडकतील.

माझा धाकटा दीर शेजारीच उभा होता. त्याच्या घरकुलाचा नंबर पुढचा. तो म्हणाला, "वैनी, एका दिवसाचं तर हाय."

म्हणून मी उभी होते. अंगावर काकींची जुनी साडी. ती परत नको, असंही त्यांनी सांगून टाकलं होतं.

गाड्या आल्या. धूळ, बूट, गॉगल. एकानं मला नावाखाली सरकवून फोटो काढला. साहेब लोक माझ्याबद्दल बोलत होते, माझ्याशी कुणी नाही. समितीत एक आमदार बाई होत्या. वयस्कर, लांबच्या कुठल्या तरी जिल्ह्यातल्या. त्या तेवढ्या माझ्याकडे बघून हसल्या. शिपायानं पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यांनी हातानं बाजूला सारली.

"बाटलीतलं नको. ताई, तुमच्या माठातलं द्या. मी जिथं जाते तिथं घरातलंच पाणी पिते."

माठ दारातून दिसत होता. तिवईवर, वर तांब्या पालथा. आतल्या दाराआड काकी उभ्या होत्या. त्यांचे डोळे मला दिसले. त्यात राग नव्हता, भीती होती. मी माठाला हात लावीन, याची भीती. आयुष्यभर मी या बाईला भीत आले होते. तिथं उभ्या उभ्या माझी भीती गेली. कशी गेली ते मला सांगता येणार नाही.

मी म्हणाले, "आवं बाई, ह्या माठाला माझा हात चालत न्हाई. हे घर माझं न्हाई."

मग भाऊसाहेब पुढं झाले, अगदी मऊ आवाजात. "मॅडम, नवरा गेल्यापासून बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. असंच काहीबाही बोलते."

आमदार बाईंनी वस्तीतल्या लोकांकडे पाहिलं. विचारलं, घर हिचंच का? कुणी बोलेना. माझा दीर खाली बघत म्हणाला, "व्हय. तिचंच हाय."

तेव्हा मला रडू यायला हवं होतं. नाही आलं. इतकी माणसं भोवती असून माणूस एवढं एकटं पडतं, हे मला माहीत नव्हतं. नवरा गेला त्या दिवशीही मी एवढी एकटी नव्हते.

बाई म्हणाल्या, नोंद घ्या. कुणीतरी घेतली. गाड्या पलूसकडे निघून गेल्या. तिथं त्यांचं जेवण होतं. धूळ खाली बसायच्या आत भिंतीवरच्या नावावर चुना फिरला आणि मी उभी होते ती जागा काकींनी धुऊन काढली. मी बघत होते. मी बघते आहे हे त्यांनाही दिसत होतं.

त्यानंतर मला भांगलणीला कुणी बोलावत नाही. मी रोज पलीकडच्या गावात कामाला जाते. वस्तीत बायका नळावर गप्प होतात. दीर वाट बदलून जातो. मी त्याला वाईट म्हणत नाही. त्यालाही छप्पर हवंय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आम्ही सगळ्यांनीच खाल्लाय. मला आता तो खायचा नाही, एवढाच फरक.

परवा भाऊसाहेब शेडावर आले. तिकडे मुंबईत समितीपुढं खात्याच्या सचिवांची साक्ष व्हायची आहे म्हणे, माझ्या बोलण्यावरून. भाऊसाहेबांना माझी सही हवी होती. माझी तब्येत बरी नव्हती, चुकून बोलले, असं. सही कर, म्हणाले, लगेच पाया खोदायला घेतो. खरं घर. पक्क्या भिंती. मला घर हवंय. पावसाळ्यात शेडात पाणी घुसतं, खाटेवर पाय घेऊन बसावं लागतं. मोह झाला, खोटं कशाला सांगू.

मी म्हणाले, "मी चांगली हाय. सही न्हाई करणार."

मुंबईला साक्षीला मला बोलावणं नाही. साक्ष साहेबांची असते, माझ्यासारखीची नाही. तरी मी जाणार आहे. मिरजेहून गाडी मिळते, एवढं विचारून ठेवलंय. सोबत कुणी येणार नाही. त्या आमदार बाई भेटल्या तर त्यांना सांगेन. नाही भेटल्या तर जो कुणी समोर येईल त्याला सांगेन. घर मिळालं नाही तरी चालेल. खोटं घर मी माझ्या नावावर राहू देणार नाही.