सुटी अवजारं आणि रिकामं गाठोडं

आदरणीय प्रभाकरराव इंगोले सरांची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्या घाबरटपणातून. मी मूळची शिरपूरची. बारावीनंतर कारंज्याला मामांकडे राहायला आले आणि धान्याच्या दुकानावरच्या माडीवर सरांच्या संगणक वर्गात जाऊन बसले. समोर काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. मी हळूच म्हटलं, "सर, हा बंद पडला वाटते."

"बंद नाई पडला पोरी," सर म्हणाले. "तू काय म्हणते याची वाट पाहून राह्यला."

त्या काळ्या पडद्यावर आज्ञा टंकली की काम करणारे छोटे छोटे प्रोग्रॅम हे सरांचं खरं कार्य. त्यांना चित्रं नाहीत, बटणं नाहीत. एक प्रोग्रॅम जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणतो, दुसरा नावं अकारविल्हे लावतो, तिसरा फाइलची प्रत काढून जपून ठेवतो. सर त्यांना अवजारं म्हणतात. गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही अवजारं लिहिली आणि मागेल त्याला फुकट दिली. आम्ही विद्यार्थी पुढे त्यांतलं एकेक सांभाळू लागलो.

सर मुलखाचे हट्टी आहेत, हे गौरवग्रंथातही लिहायला हवं. प्रत्येक अवजार सुटंच द्यायचं, असा त्यांचा दंडक होता. ज्याला जे लागेल त्यानं तेवढंच उतरवून घ्यावं. मी म्हणायचे, सगळ्यांचं एकच गाठोडं करू. नव्या माणसाला आपल्याला काय लागणार हेच ठाऊक नसतं. सरांचं घर भाजीच्या मळ्याचं, तेव्हा उत्तरही मळ्यातूनच यायचं.

"मेथीची जुडी घ्याले आलेल्या बाईच्या थैलीत आपण भोपळा कोंबतो काय?"

"पण सर, कोथिंबिरीच्या चार काड्या तर वरून टाकता ना?"

सर खळखळून हसले आणि तसूभरही हलले नाहीत.

गंमत अशी, की अवजारं एकटी पाठवणारे हे गृहस्थ माणसाला कधी एकटं पाठवत नाहीत. मला पुण्यात नोकरी लागली तेव्हा बाबांनी साफ नकार दिला. सर एसटीनं शिरपूरला आले, वांगी-टमाट्यांची पिशवी आईच्या हातात दिली, पोटभर जेवले, आणि हात धुता धुता बाबांना म्हणाले, "भाऊ, पोरगी एकटी नाई चालली. तिथं माह्या दोन पोरी आहेत. त्या स्टँडवर घ्याले येतीन." मी उतरले तेव्हा त्या दोघी, सरांच्या जुन्या विद्यार्थिनी, खरंच उभ्या होत्या. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या एका जेवणावर उभं आहे.

दोन वर्षांपूर्वी सरांच्या दंडकाची परीक्षा झाली. केनवडच्या विमलताई आणि त्यांच्या गटातल्या बाया गावरान भाज्यांचं बियाणं राखतात. कोणतं बी कधी धरायचं, राखेत कसं ठेवायचं, कोणत्या वाफ्यात लावायचं, हे सारं बायांनी सांगितलं आणि विमलताईंनी टाइप केलं. पुस्तक छापायचं होतं. छापखान्याला युनिकोड हवं होतं. ताईंनी सरांचं फॉन्ट बदलणारं अवजार उतरवून घेतलं, तेवढंच. ते मूळ फाइलवरच काम करतं, म्हणून आधी प्रत जपणारं अवजार चालवायचं असतं. तसं काही असतं हे ताईंना माहीत असायचं काही कारणच नव्हतं. काम अर्ध्यावर असताना वीज गेली आणि अर्धं पुस्तक नाहीसं झालं.

"सर, चार सालाची मेहनत गेली," ताई फोनवर रडत होत्या. "माह्यंच काई चुकलं असन."

"ताई, चूक तुमची नाई, माही हाय. मी येतो."

वय पंचाहत्तरीकडे झुकलेलं, गुडघे कुरकुरत असलेले, तरी सर एसट्या बदलत केनवडला गेले आणि तिथेच मुक्काम ठोकून बसले. बाया पुन्हा सांगू लागल्या, सर टाइप करू लागले. मध्येच कोणी म्हणे, "मास्तर, हळू लिवा, मले आठवू द्या." पुस्तक पुन्हा उभं राहिलं. फक्त काटेरी वांग्याचं पान परत आलं नाही. ते सांगणाऱ्या कौसाबाई मधल्या काळात वारल्या होत्या. बी होतं, पण ते कसं राखायचं हे दुसऱ्या कोणालाच नीटसं ठाऊक नव्हतं.

परतल्यावर सरांनी मला फोन केला. "तुही कोथिंबीर बरोबर होती," एवढंच बोलले. मग त्यांनी गाठोडं केलं, पण आपल्या पद्धतीनं. अवजारं आजही सुटीच मिळतात. मात्र मूळ फाइलला हात लावणारं अवजार आता प्रत जपणाऱ्याला सोबत घेतल्याशिवाय येत नाही. आणि ज्याला काय हवं हे कळत नाही, त्याच्यासाठी एक गाठोडं आहे. ते उघडून पाहिलं तर आत स्वतःचं काहीच नाही. कोणाकोणाला बोलवायचं तेवढंच सांगितलेलं आहे. त्याच्या एका हाकेला बाकीची सगळी येतात. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला पुण्याच्या स्टँडवर उभ्या असलेल्या त्या दोघी आठवल्या आणि डोळे भरून आले. सर, हे गाठोडं तुम्ही आम्हा पोरांचं कधीच बांधलं होतं.

बियाण्याचं पुस्तक छापून झालं आहे. सरांच्या सांगण्यावरून त्यात काटेरी वांग्याचं पान कोरं सोडलं आहे. विमलताईंनी दिलेलं चिमूटभर बी सर आपल्या मळ्यात लावतात, धरतात, चुकतात, पुन्हा लावतात. मागच्या खेपेला मी विचारलं, "सर, कधी भरणार ते पान?"

"वांगं सांगन तवा," म्हणाले.

सर, आपणांस उदंड आयुष्य आणि ठणठणीत गुडघे लाभोत. वांग्याला सांगायची मुळीच घाई नसो. पण ते सांगेल त्या दिवशी मळ्यात आपण असावं, आणि लिहून घ्यायला आपल्या शेजारी मी असावी.