काकांनी खुडलेले शेंडे

वर्तकनगरला आमचं घर तळमजल्यावर. खिडकीखालच्या बागेतली जास्वंद वरच्या मजल्यावरचे काका रोज सकाळी न विचारता पूजेसाठी तोडायचे. वैतागून मी जास्वंदच काढली आणि रंगीत पानांचं कोलियस लावलं. म्हटलं, याला कुठली फुलं, आता तोडा काय तोडायचं ते! तर काका त्याचे लाल-पिवळे शेंडे खुडायला लागले. म्हणे, देवापुढे रंग छान दिसतो. मी कडाकडा भांडले. पण खुडल्यामुळे बाजूने फुटवे येऊन झाड घमेल्याएवढं भरलं.

मग काका घोडबंदर रोडला मुलाकडे राहायला गेले. दोन महिन्यांत कोलियस काठीसारखं उंच, उघडंबोडकं झालं. काल शेवटी मीच शेंडे खुडले आणि ट्रॅफिकला शिव्या देत काकांच्या देवांपुढे नेऊन ठेवले.