भोपळ्याची पहिली चीर

उल्काला सहलींची मनापासून किळस होती. कॅनडातल्या कानाटा उपनगरात राहायला आल्यापासून शैलेंद्रला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, कॅनेडियन परंपरांचं भलतंच वेड लागलं होतं. हिवाळ्यात गोठलेल्या कालव्यावर स्केटिंग, मार्चमध्ये मेपलचा पाक, मेमध्ये ट्यूलिप. बेत आखायचे त्याने, फोटो फेसबुकवर टाकायचे त्याने. पोरांच्या चिखलाने भरलेल्या स्नोपँट धुवायच्या आणि येताना कारच्या सीटवर झालेली उलटी पुसायची, ते मात्र उल्काने. त्या फोटोंत उलटी कधी दिसली नाही.

सगळ्यांत वाईट ऑक्टोबरातला पम्पकिन पॅच, म्हणजे भोपळ्यांच्या शेतावरची सहल. बकऱ्यांच्या लेंड्या तुडवत भोपळा निवडायचा आणि वर "अगं, स्माइल तरी कर!" हे ऐकायचं. घरी आणून त्याला डोळे-तोंड कोरायचं, गर कचऱ्यात फेकायचा, आत दिवा लावायचा. मग नोव्हेंबरात गल्लीभर प्रत्येक पोर्चवर बुरशी धरलेली, गळून पडलेली थोबाडं. चांगल्या खायच्या वस्तूचे असे हाल तिला बघवत नसत.

त्यातच घरची एक रीत. अख्खा भोपळा बाईने चिरायचा नाही, पहिली चीर घरातल्या पुरुषाने द्यायची, नाहीतर घरातल्या थोरल्या मुलग्यावर संकट येतं, असं पुण्याच्या सासूबाईंनी लग्न झाल्या झाल्या बजावलं होतं. शैलेंद्र दरवर्षी हसत सुरी घ्यायचा. "माझा काडीचा विश्वास नाही, पण आईला बरं वाटतं." उल्का भोपळा त्याच्यापुढे सरकवायची. लेक सलोनीनंतर किती डॉक्टर झाले, किती औषधं झाली, तेव्हा कुठे तनय, एकुलता एक मुलगा, झाला होता. उगाच परीक्षा कशाला पाहायची? या भित्रेपणाचीही तिला शिसारी यायची, पण सुरीला हात लावायचं धाडस होत नसे.

२००९ साली हॅलोवीन शनिवारी आला आणि शैलेंद्र नेमका ऑफिसच्या कामाने टोरांटोला अडकला. तो रविवारी परतणार होता. दिवा मात्र आज अंधार पडायच्या आत पोर्चवर हवा होता. दहा वर्षांची सलोनी मार्करने भोपळ्यावर तोंड काढून सकाळपासून वाट बघत बसली होती. तेवढ्यात दर शनिवारचा पुण्याचा फोन झाला. स्पीकरवर सासूबाईंनी चुटकीसरशी तोड काढली.

"त्यात काय एवढं? तनयच्या हातून चीर देऊन घे. शैलेंद्र नाही म्हटल्यावर घरातला पुरुष तोच."

उल्काने घरातल्या पुरुषाकडे पाहिलं. सहा वर्षांचा तो पुरुष आठवडाभर वाहणारं नाक नाइटसूटच्या बाहीला पुसत कार्टून बघत होता.

"ही कान्ट इव्हन कट हिज पॅनकेक!" सलोनी म्हणाली. "व्हाय नॉट मी, आई?"

या घरात कांद्यापासून कलिंगडापर्यंत सगळं उल्का चिरत आली होती. आणि भोपळा मात्र या शेंबड्याने चिरायचा! "आई, नंतर बोलते," म्हणून तिने फोन ठेवला, सलोनीच्या हातात सुरी दिली आणि वरून आपला हात धरला. एकदा तनयकडे पाहिलं. मग तिने जोर लावला.

सुरी कचकन आत गेली. आतल्या बुळबुळीत धाग्यांत हात घालून सलोनी "ईव, ग्रॉस!" ओरडली आणि खिदळली. या वेळी उल्काने गर फेकला नाही.

रविवारी संध्याकाळी शैलेंद्र आला. आधी पोर्चवरच्या भोपळ्याचे फोटो झाले, मग तो गरम घारग्यांवर तुटून पडला.

"वा! मस्त झालेत. भोपळा शेजारच्या मिलिंदने चिरून दिला का?"

"सलोनीने चिरला."

त्याचा हात थांबला. अर्धा खाल्लेला घारगा त्याने हळूच ताटाच्या कडेला ठेवला. तेवढ्यात तनय शिंकला.

"याला कधीपासून आहे हे?" शैलेंद्रने घाईघाईने त्याच्या कपाळाला हात लावला.

"बाबा," सलोनीने विचारलं, "डिड आय डू समथिंग बॅड?"

"नो, नो, बेटा." पण तो तिच्याकडे बघत नव्हता. "फक्त पुण्याला सांगू नका."

इतक्या वर्षांत उलट्या पुसताना आली नव्हती, इतकी किळस उल्काला त्या क्षणी आली.

"याला सोमवारपासून सर्दी आहे," ती म्हणाली. "आणि पुण्याला मी स्वतः सांगणार आहे."

तिने शैलेंद्रच्या पुढचं ताट उचललं. अन्नाचा कण वाया न घालवणाऱ्या उल्काने तो उष्टा घारगा कचऱ्यात टाकला आणि कढईतला ताजा घारगा सलोनीच्या हातावर ठेवला.