हनुवटीवरचं गोंदण

श्रीगोंद्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाची कामं ड्रोनवाल्यांनी पळवली, माझ्याकडे राहिले दहाव्याचे फोटो. माणूस गेल्यावर घरच्यांना आठवतं की त्याचा धड फोटोच नाही. मग कुठल्यातरी बारशातला, दहा मोबाईल फिरून आलेला फोटो आणतात आणि म्हणतात, ‘जरा क्लिअर करून द्या.’ मी चिडतो, नाही नाही ते बोलतो आणि करून देतो.

त्या दिवशी एक म्हातारे शेतकरी मुलीला घेऊन आले. त्यांची बायको आठवड्यापूर्वी गेली होती. फोटो काढायचा म्हटलं की ती पदर तोंडावर ओढायची, त्यामुळे उभ्या जन्मात तिचा हा एकच फोटो, नातवाच्या जावळातला. तोही हललेला. मोबाईल बिघडलेला, म्हणून त्यांनी नुसतं मेमरी कार्ड आणलं होतं.

मूळ फोटोची कॉपी ठेवायची, हा या धंद्यातला पहिला धडा. घाईत मी कार्डावरच्या फोटोवरच हात चालवला. आधी फोटोभर पसरलेले ठिपक्यांसारखे बारीक दाणे घालवले, मग शार्पनेस वाढवला. पापण्या सुट्या झाल्या, नथीचा मोती उठून आला. खुशीत सेव्ह केलं, बंद केलं आणि पुन्हा उघडून त्यांना दाखवलं.

म्हातारे बराच वेळ बघत राहिले. ‘चांगला झालाय. पर ही आमची वाटत न्हाई. हनुवटीवर गोंदन हुतं, तीन ठिपकं.’

दाण्यांबरोबर ते ठिपकेही मीच पुसले होते, आणि मूळ फोटो उरलाच नव्हता. खोटं बोलता आलं असतं, पण सांगून टाकलं. मुलगी रडायला लागली. म्हातारे रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त लाज वाटली.

‘मी हाताने काढून देतो. नेमके कुठे होते?’ मी विचारलं.

त्यांनी माझी हनुवटी धरली, डोळे मिटले आणि बोट टेकवलं. ‘हितं.’

‘न्हाई आबा, आजून खाली,’ मुलगी म्हणाली.

बोट तिथंच राहिलं. ते म्हणाले, ‘तू म्हनतीस तसं आसंल. मी कदी एवढं नीट बघितलंच न्हाई.’

मुलीने सांगितलं तिथे मी तीन ठिपके दिले. ते बरोबर पडले का, हे पडताळायला आता काहीच नाही, आणि ते माझ्यामुळे.