मालनबाईच्या पायांवरची नात

विंचुरात आज जे तिशीच्या आत आहेत, त्यांतले निम्मे तरी तान्हेपणी न्हाताना मालनबाईच्या पायांवर पालथे पडून रडलेले आहेत. कांद्याच्या लिलावात घसा फोडून बोली लावणारे गडीसुद्धा ती दिसली की आवाज उतरवतात. कुणाचं नाक तिनं ओढून सरळ केलं, कुणी तिच्या साडीवर काय केलं, हे चारचौघांत सांगायला ती कचरत नाही.

अशा बाईची लेक, हर्षाली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मालनबाईला आभाळ ठेंगणं झालं. तिनं घंगाळ चिंचेनं घासून लख्ख केलं, घाण्यावरून खोबरेल आणलं. पण नात आली ती महिनाभर आधीच, ऐन थंडीत, आणि वजन दोन किलोच्याही आत. ओढून प्यायची मात्र झकास. घरी सोडताना दवाखान्यातल्या उज्ज्वला सिस्टरनं बजावलं, "आजी, मी सांगेपर्यंत आंघोळ नाही. एवढंसं अंग ऊब धरत नाही. उघड्या छातीशी धरायचं, वरून पांघरूण. आईनं धरावं, आई दमली की तुम्ही."

मालनबाईनं मान डोलावली, पण आतून नुसती धुमसत होती. साऱ्या गावाची पोरं न्हाऊ घालायची आणि स्वतःची नात पारोशी! त्यात पाचवी तोंडावर आलेली. पाचवीच्या संध्याकाळी पाटा-वरवंटा पुजायचा, न्हाऊ घातलेलं बाळ त्याच्यासमोर निजवायचं, मग सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते. पारोशा कपाळावर ती काय डोंबल लिहिणार? शेजारची विमलाबाई तर तोंडावर विचारून गेली, "मालन, समद्या गावाची पोरं धुतलीस, नि हिच्या वक्ताला पाणी आटलं व्हय गं?" ते मालनबाईच्या जिव्हारी लागलं.

पाचवीच्या दुपारी हर्षालीचा डोळा लागला आणि मालनबाईनं डाव साधला. तिनं मोरीचं दार लोटलं, घंगाळात ऊन पाणी काढलं, पाय पसरून पाटावर बसली. झबलं काढून नातीला पायांवर पालथं घातलं.

तेलाकडे गेलेला हात तिथंच थांबला. एवढी पोरं या पायांनी झेलली, पण प्रत्येकाची ऊब नडग्यांना लागायचीच. हिची लागेना. ना भार, ना ऊब. तिनं चिमुकली पावलं मुठीत धरली. गार! पोर रडलीसुद्धा नाही, नुसते ओठ हलवले.

"अगं माझे बाई!" मालनबाई किंचाळली. कुठलं तेल नि कुठलं पीठ! उठताना घंगाळाला पाय लागून पाणी मोरीभर झालं. तिनं ब्लाउजची बटणं तटातट सोडली, पोरीला छातीशी घट्ट लावलं, वरून पदर, पदरावर गोधडी.

आवाजानं हर्षाली धडपडत उठून आली. ओली मोरी बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. "आई! पाण्यात घातलंस तिला?"

"नाय गं, घालणार हुते. चुकलं माझं. मागनं पायजे तेवढ्या शिव्या दे, पण आधी सिस्टरला फोन लाव!"

सिस्टर फोनवर कडाडली: तशीच धरून ठेवा, दूध पाजा, पाय लवकर ऊन झाले नाहीत तर उचला आणि दवाखान्यात या. दोघी खाटेवर एकमेकींना चिकटून बसल्या. हर्षाली सारखी गोधडीत हात घालून पावलं चाचपायची, मालनबाई तोंडानं देवांची नावं घ्यायची, एक संपायच्या आत दुसरं. आणि मग छातीवर काहीतरी वळवळलं. पोरीनं तोंड इकडंतिकडं घासलं, दूध सापडेना म्हणून असा काही टाहो फोडला की मालनबाई हसायलाही लागली आणि रडायलाही. "पाय ऊन झाले, आई! बघ ना, खरंच ऊन झाले!" हर्षाली ओरडली. मग तिनं पोरीला पाजलं आणि पोट भरल्यावर पुन्हा आईच्या छातीशी दिलं. आईवरचा राग काही लगेच गेला नाही, पण दिलं.

संध्याकाळी बायका जमल्या. पाट्यावर हळदकुंकू वाहिलं. मालनबाई गोधडीतल्या नातीसकट पाट्यासमोर मांडी घालून बसली.

"ठेव की तिला खाली," विमलाबाई म्हणाली.

"ठेवत नाय जा."

"अगं, मग सटवाईनं ल्ह्यायचं कुठं?"

"कपाळ हितं हाय, माझ्या छातीवर," मालनबाई म्हणाली. "तिला म्हणावं, जरा वाकून लिही."